गाळ्याचा हिशेब: स्टेटच्या नोंदी, जून-जुलै २०२५

२ जून, सोमवार

काम आजपासून माझ्याकडे. बाजार समितीतल्या एका कांद्याच्या आडतीचं ॲप: आवक, सौदा, शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या विकलेल्या मालाच्या पैशांचा हिशेब), खरेदीदाराचं बिल, उधारी. रिॲक्ट १८ वर (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) लिहिलंय; स्टेट म्हणजे त्यात ॲपने लक्षात ठेवलेला, बदलत राहणारा डेटा. आधीचा डेव्हलपर सोडून गेला, मागे एक रीडमी (माहितीची फाईल) ठेवून. त्यात इन्स्टॉल कसं करायचं एवढंच.

सकाळी गाळ्यावर जाऊन बसले. दिवाणजी काकांनी ड्रॉवरमधून एक चुरगळलेली पट्टी काढून समोर ठेवली. ४२ गोण्या, वजन २,११६ किलो. भाव टाकताना आकडे उलटे पडले, १,५४० च्या जागी १,४५०. मिनिटभरात लक्षात आलं, काकांनी सौद्याच्या स्क्रीनवर दुरुस्त केलं आणि पट्टी छापली. पट्टीवर भाव १,५४० बरोबर. खाली निव्वळ रक्कम २८,५०४ रुपये.

शेतकरी ट्रॅक्टरपर्यंत जाऊन परत आला म्हणे. म्हणाला, "दिवाणजी, एकवीस क्विंटलचेच बत्तीस हजार तीनशे चाळीस होतात. तुमचं मशीन अठ्ठावीस कुठून काढतंय?"

हिशेब असा. २१.१६ क्विंटल गुणिले १,५४० म्हणजे ३२,५८६ रुपये ४० पैसे. हमाली २५२, तोलाई १२६, गाडीभाड्याची उचल १,८००. वजा जाता ३०,४०८.४०. (आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, पट्टीत नाही, २०१६ पासून ती खरेदीदाराकडून घेतात, त्यामुळे ती बिलात.) म्हणजे १,९०४ रुपये ४० पैशांचा फरक, आणि तो पकडला तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाने, आमच्या ॲपने नाही.

रात्री कोड उघडला. आवकेची यादी सगळ्यात वरच्या कॉम्पोनन्टमध्ये (कॉम्पोनन्ट म्हणजे स्क्रीनचा एक तुकडा) सर्व्हरवरून येते आणि सहा पायऱ्या प्रॉप म्हणून, म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेला डेटा म्हणून, खाली उतरते. मधल्या चौघांना तिच्याशी काही देणंघेणं नाही, नुसते हातातून हातात देतात, लग्नाच्या पंगतीत द्रोण सरकवावेत तसे. पट्टीच्या कॉम्पोनन्टमध्ये भाव थेट प्रॉपमधून छापलाय, म्हणून तो ताजा. रक्कम मात्र यूजस्टेटमध्ये, म्हणजे कॉम्पोनन्टच्या स्वतःच्या स्टेटमध्ये, ठेवलीय, सुरुवातीची किंमत म्हणून प्रॉपमधून गणित करून. यूजस्टेट ती सुरुवातीची किंमत फक्त पहिल्या रेंडरला, म्हणजे कॉम्पोनन्ट पहिल्यांदा काढला जातो तेव्हा, घेतं. नंतर प्रॉप शंभरदा बदलला तरी ते ढुंकून बघत नाही. काकांनी पट्टी आधीच उघडून ठेवली होती, बस.

५ जून

दोन दिवस कोड लिहिला नाही. ए-थ्री कागदावर नुसतं ‘कोण काय धरून बसलंय’ काढलं. एका लॉटचा (एका शेतकऱ्याच्या एकगठ्ठा मालाचा) भाव सात ठिकाणी आहे. सात! सौद्याचा फॉर्म, आवकेची यादी, पट्टी, बिल, वरची ‘आजची उलाढाल’ दाखवणारी ओळ, शोधलेल्या निकालांची वेगळी यादी, आणि एक लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरची कायमची साठवण), ज्याला आता कोणी वाचतच नाही. या सातांना एकमेकांशी जुळवायला यूजइफेक्ट (रेंडरनंतर चालणारा कोड) लावलेत: प्रॉप बदलला की स्टेट बदल, ते बदललं की तिसरं बदल. प्रत्येक टप्प्याला एक रेंडर जुन्या आकड्यांचा जातोच.

सोबतचा मुलगा (नुकताच इंजिनिअरिंग संपवून आलाय) म्हणाला, "मॅडम, एवढा गोंधळ आपल्याकडेच होतो का?" त्याला फेसबुकची गोष्ट सांगितली. तिथे न वाचलेल्या मेसेजचा आकडा दिसायचा, उघडून बघावं तर नवीन मेसेजच नाही; दुरुस्त केलं की काही दिवसांनी पुन्हा तेच. २०१४ मध्ये त्यांनी स्टेट सांभाळायची फ्लक्स ही रचना लोकांसमोर मांडली तेव्हा हाच बग उदाहरण म्हणून सांगितला होता. त्यांचा मेसेजचा आकडा आणि आमची पट्टीची रक्कम, जात एकच. मुलगा जरा सुखावलेला दिसला.

९ जून

कॉन्टेक्स्ट लावला: वर ठेवलेला डेटा खालचा कुठलाही कॉम्पोनन्ट मधल्यांच्या हातातून न जाता थेट वाचतो. रिॲक्टचंच आहे, आजच्या रूपात १६.३ पासून म्हणजे २०१८ पासून, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. सगळं एका प्रोव्हायडरमध्ये (कॉन्टेक्स्ट पुरवणारा वरचा कॉम्पोनन्ट) टाकलं: यादी, तारीख, शोधाचा मजकूर, निवडलेले लॉट, प्रिंटर. मधल्या चौघांचे प्रॉप काढले. ४०० ओळी उडाल्या. घरी लवकर गेले.

१० जून

लवकर जायला नको होतं.

गाळ्यावरचा संगणक जुना आहे. शोधाच्या खान्यात शेतकऱ्याचं नाव टाकायला लागलं की अक्षर उमटायला वेळ लागतो. काकांनी फोन करून सांगितलं, "ताई, मी लिहितोय पुढे आणि ते येतंय मागून, बैलामागनं गाडी यावी तसं."

प्रोफायलर (काय कितीदा रेंडर होतं ते मोजणारं साधन) लावून पाहिला. एक अक्षर दाबलं की यादीतल्या सगळ्या ओळी रेंडर होतात. कॉन्टेक्स्टची किंमत बदलली की तो वाचणारा प्रत्येक कॉम्पोनन्ट रेंडर होतो. त्याला त्यातला फक्त प्रिंटर हवा असला तरी. रिॲक्ट-मेमो (प्रॉप तेच असतील तर रेंडर टाळणारं आवरण) लावून उपयोग नाही, तो प्रॉपपुरता पहारा देतो, कॉन्टेक्स्ट मागच्या दाराने आत येतो. शिवाय मी प्रोव्हायडरला दर रेंडरला नवीन ऑब्जेक्ट देत होते, म्हणजे काही न बदलताही बदल. ते यूजमेमोने (बदल नसेल तर तो आधीचीच वस्तू परत देतो) थांबलं, पण शोधाचं अक्षर खरोखरच बदलतं, त्याला यूजमेमो काय करणार.

संध्याकाळपर्यंत कॉन्टेक्स्टचे पाच तुकडे केले. आता ॲपच्या मुळाशी एकात एक पाच प्रोव्हायडर. कांद्याचं ॲप आहे, पापुद्रे असायचेच असं मुलगा म्हणाला. विनोद चांगला होता पण मला हसू आलं नाही.

कॉन्टेक्स्टचा दोष नाही हा. तो वस्तू वरून खाली पोचवतो. त्या वस्तूतला कुठला भाग बदलला आणि कोणाला कळवायचं, हे त्याचं कामच नाही. रिॲक्ट-रिडक्सवाल्यांनी (रिडक्सचं स्टोअर, म्हणजे कॉम्पोनन्टच्या बाहेर ठेवलेलं सामायिक स्टेट, रिॲक्टला जोडणारी लायब्ररी) सहाव्या आवृत्तीत स्टोअरमधला डेटा कॉन्टेक्स्टमधून खाली पाठवून पाहिला होता, आणि २०१९ च्या सातव्या आवृत्तीत परत फिरले: कॉन्टेक्स्टमधून फक्त स्टोअर द्यायचं, बदलाची वर्दी प्रत्येकाने थेट स्टोअरकडून घ्यायची. हे मला माहीत होतं. तरी केलं.

१३ जून

स्टोअर आणायचं ठरलं. रिडक्स की झुस्टांड (दोन्ही स्टोअरच्या लायब्ररी), यावर अर्धा दिवस.

रिडक्स २०१५ पासून आहे, मी त्यात वाढले. जो बदल होतो त्याला नाव असतं, ‘भाव दुरुस्त केला’, ‘लॉट रद्द केला’, आणि मागे जाऊन एकेक पायरी बघता येते. पैशांच्या ॲपला हा मोठा आधार. रिडक्सचं टूलकिट आल्यापासून पूर्वीसारखी पानंच्या पानं लिहावी लागत नाहीत. पाच-सहा जणांची टीम असती तर डोळे मिटून तेच घेतलं असतं, कारण शिस्त लावायला माणूस लागत नाही, लायब्ररीच लावते.

आम्ही दोघं. झुस्टांड घेतलं. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थच ‘स्थिती’. एक हुक (कॉम्पोनन्टच्या आत वापरायचं फंक्शन), त्याला सांगायचं मला यातलं काय हवं. तेवढं बदललं तरच रेंडर. प्रोव्हायडर नाही. क्रियांना नावं मात्र द्यायची आणि त्या स्टोअरमध्येच लिहायच्या, कॉम्पोनन्टमधून वाटेल तिथे सेट करायचं नाही, एवढा नियम रीडमीत टाकला. पाच पापुद्रे काढले. शोध आता सुळसुळीत.

१६ जून

पूर्ण दिवस वाया. मुलाने ‘फक्त पट्टी न झालेले लॉट’ दाखवायला सिलेक्टरमध्येच (स्टोअरमधलं काय हवं ते सांगणारं फंक्शन) फिल्टर लावला. पान उघडलं की लाल पडदा: अपडेटची कमाल खोली ओलांडली. रेंडरचं चक्र थांबेचना.

कारण समजायला वेळ लागला, समजल्यावर साधं. फिल्टर दर वेळी नवा ॲरे (यादी) देतो. आत तेच लॉट असले तरी ॲरे नवा. झुस्टांडची पाचवी आवृत्ती रिॲक्टचं स्वतःचं यूजसिंकएक्सटर्नलस्टोअर (बाहेरच्या स्टोअरवर नजर ठेवणारा हुक) वापरते आणि ते विचारतं, मागच्या वेळचीच वस्तू आहे का? नाही. मग बदललं. मग रेंडर. मग पुन्हा फिल्टर, पुन्हा नवा ॲरे. जुन्या आवृत्तीत हाच कोड चालून गेला असता, म्हणून इंटरनेटवरची जुनी उत्तरं वाचून आम्ही दुपारभर भलतीकडे शोधत होतो.

यूजशॅलो गुंडाळलं की सुटतं, कारण ते ॲरेच्या आतले एकेक घटक ताडून बघतं आणि फिल्टरमधून येणारे लॉट तेच असतात. पण सिलेक्टरमध्ये मॅप करून नवे ऑब्जेक्ट बनवले तर यूजशॅलोलाही हात टेकावे लागतात. म्हणून सरळ ठरवलं: स्टोअरमधून अख्खी यादी घ्या, गाळायचं काम कॉम्पोनन्टमध्ये यूजमेमोने.

१७ जून

पट्टीची रक्कम स्टेटमधून हद्दपार. गोण्या, वजन, भाव, कपातीचे दर एवढंच साठवायचं. रक्कम दर वेळी काढायची. एक फंक्शन, पट्टी आणि बिल दोन्ही तिथूनच. मुलाला भीती वाटली की दर रेंडरला गणित म्हणजे ॲप मंदावेल. दिवसाला तीनशे लॉट धरले तरी तीनशे गुणाकार. संगणकाला ते जांभई देण्याइतकंही काम नाही.

२ जूनचीच पट्टी पुन्हा चालवली. पट्टी उघडी ठेवून भाव १,४५० वरून १,५४० केला. २८,५०४ जागच्या जागी ३०,४०८.४० झाले. यासाठी पंधरा दिवस.

पैसे आता पैशांतच ठेवतो, पूर्णांकात. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेपटीला ४ लागतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सगळे एकदा त्यात पडतात.

२० जून

स्टोअरची फाईल सहाशे ओळींवर गेली. वाचून पाहिली तर बहुतेक मजकूर असा: यादी आणायला सुरुवात झाली, आली, चूक झाली, पुन्हा आण, ही जुनी झाली का. म्हणजे हे आमचं स्टेट नाहीच. मालक सर्व्हर आहे, आमच्याकडे फक्त झेरॉक्स. आणि झेरॉक्सला एकच प्रश्न लागू पडतो, ती केव्हाची आहे.

त्यासाठी टॅनस्टॅक क्वेरी, सर्व्हरच्या डेटाची प्रत सांभाळणारी लायब्ररी, आणली. प्रत्येक यादीला किल्ली: ‘आवक’ आणि तारीख. त्याच किल्लीने कुठल्याही कॉम्पोनन्टने मागितलं तरी विनंती एकदाच जाते आणि सगळे तोच डेटा वाचतात. भाव दुरुस्त करून जतन झाला की ती किल्ली शिळी म्हणून जाहीर करायची, ती आपली ताजी होऊन येते. स्टोअरमधून साडेचारशे ओळी गेल्या.

२३ जून

काकांचा फोन, आवाज चढलेला. "ताई, मी वजन टाकता टाकता व्हॉट्सॲप बघून आलो आणि माझं लिहिलेलं गेलं. काल असं होत नव्हतं." पुढे म्हणाले की दर वेळी होत नाही, कधीकधी होतं. ‘कधीकधी’ हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

टॅबवर परत आलं की क्वेरी शिळा झालेला डेटा सर्व्हरवरून पुन्हा ताजा आणते, आणि मुळातच तिच्या लेखी डेटा आल्या क्षणी शिळा असतो. ताजेपणाची मुदत आपण दिली नाही तर शून्य. इथपर्यंत ठीक. पण फॉर्ममध्ये आधीच्या माणसाचा एक यूजइफेक्ट राहिला होता: यादी बदलली की फॉर्म यादीवरून भर. यादीत काहीच बदल नसेल तर क्वेरी जुनाच ऑब्जेक्ट परत देते, इफेक्ट चालत नाही, काकांचं लिहिलेलं वाचतं. मधल्या काळात मापाड्याने दुसराच एखादा लॉट चढवला असेल तर यादी नवी, इफेक्ट चालतो, वजन गायब. म्हणून कधीकधी.

टॅबवर परतल्यावर डेटा आणणं बंद करून टाक, असा सल्ला मुलाने दिला. नको. शेठना केबिनमध्ये ताजी उलाढाल हवीच असते.

गंमत म्हणजे उत्तर काकांच्याच टेबलावर होतं. त्यांच्याकडे कच्ची चिठ्ठी असते आणि पक्की वही. चिठ्ठीवर खाडाखोड चालते, ती फक्त त्यांची. वहीत उतरवली की सगळ्यांची. वहीत कोणी दुसरी ओळ लिहिली म्हणून यांच्या हातातली चिठ्ठी कोणी फाडत नाही. फॉर्म म्हणजे चिठ्ठी. लॉट उघडताना एकदाच वहीवरून उतरवून घ्यायचं, मग जतन करेपर्यंत वहीकडे बघायचं नाही. इफेक्ट काढला. फॉर्मला लॉटचा क्रमांक ‘की’ (रिॲक्टसाठी ओळखीची खूण) म्हणून दिला, दुसरा लॉट उघडला की रिॲक्ट आपोआप नवा कोरा फॉर्म उभा करतं.

म्हणजे ५ तारखेला सातही प्रतींवर मी सरसकट लाल फुली मारली होती ती चूक. सौद्याच्या फॉर्ममधली प्रत हवीच होती.

२५ जून

तारीख आणि उघडा टॅब आता पत्त्याच्या ओळीत, म्हणजे यूआरएलमध्ये. रिफ्रेश केलं की आजवर उडी मारायची, तो त्रास गेला. काका शेठना परवाच्या आवकेची लिंक पाठवू शकतात. मागे जायचं बटण मागे जातं. स्टोअरमधून आणखी दोन गोष्टी कमी. छोटं काम, फायदा मोठा, पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

२७ जून

गाळ्यावर पहाटे साडेचारला नोंदी सुरू होतात. आज कळलं की साडेपाचच्या आधीच्या सगळ्या नोंदी कालच्या तारखेत पडतात. पूर्वीपासूनच, काका रोज हाताने तारीख बदलत होते आणि त्यांना वाटायचं असंच असतं!

‘आज’ तीन ठिकाणी वेगवेगळा काढला होता. त्यातल्या दोन ठिकाणी आयएसओ स्ट्रिंग (तारीख-वेळ मजकुरात लिहायचा ठरलेला साचा) बनवून पहिली दहा अक्षरं कापलेली. ती स्ट्रिंग ग्रीनिचच्या वेळेत असते, आपण साडेपाच तास पुढे. आपल्या पहाटे साडेचारला तिथे आदल्या रात्रीचे अकरा. आता ‘आज’ काढणारं फंक्शन एकच, भारतीय वेळेचं.

१ जुलै

काका आणि शेठ दोघांनी दोन संगणकांवर एकच लॉट उघडला. काकांनी वजन दुरुस्त केलं, शेठनी भाव. शेठनी नंतर जतन केलं, काकांचं वजन पुसलं गेलं. मुलगा स्टोअरमध्ये उपाय शोधत बसला होता. ब्राउझरमधल्या कुठल्याच स्टोअरला पलीकडच्या खोलीतला माणूस दिसत नाही. सर्व्हरवर प्रत्येक लॉटला आवृत्ती क्रमांक लावला; जुना क्रमांक घेऊन आलेलं जतन ४०९ (‘टक्कर झाली’ असं सांगणारा सर्व्हरचा कोड) देऊन परत पाठवायचं, आणि स्क्रीनवर ‘शेठनी मध्येच बदल केलाय, बघून घ्या’. काकांना हे वाक्य आवडलं. शेठना फारसं नाही.

४ जुलै

कांदेनवमी. परवा एकादशी, मग चातुर्मास, म्हणून गाळ्यावर आज कांदाभजीचा घाणा. काम शून्य. प्रिंटरची निवड लोकलस्टोरेजमध्ये टाकली एवढंच.

८ जुलै

स्टोअरमध्ये आता उरलंय: लॉगिन केलेला माणूस, प्रिंटर, आणि एकगठ्ठा पट्ट्या छापायला टिकमार्क केलेल्या लॉटचे क्रमांक. नुसते क्रमांक, लॉट नाहीत. मुलाने विचारलं, "मग झुस्टांड आणलं कशाला?" रास्त प्रश्न. टिकमार्क यादीच्या ओळीत होतो, आकडा वरच्या उलाढालीच्या ओळीत दिसतो, छपाई तिसऱ्याच खिडकीत, त्या तिघांसाठी. एवढ्यासाठी कॉन्टेक्स्टही पुरला असता. १३ जूनला हे कळलं असतं तर कदाचित तेच केलं असतं. आता काढत नाही, चाललंय ते चालू दे.

दुपारी काकांनी दिवसभराच्या पट्ट्या उधारीच्या पानाशी ताडल्या. बत्तीस पट्ट्यांत एकतीस जुळल्या. एकीत एक रुपयाचा फरक. गाळ्याच्या रिवाजाने निव्वळ रकमेतले पैसे सोडून देतात. आमच्या फंक्शनमध्ये आता तसंच आहे, पण सर्व्हर जवळच्या रुपयाला नेतो आणि उधारीचं पान सर्व्हरचा आकडा दाखवतं. म्हणजे रक्कम अजून दोघंजण काढतायत. काकांनी त्या पट्टीला पेन्सिलीने गोल करून ठेवलाय. उद्या सकाळी सर्व्हरवाल्याशी बोलायचं.